खेळून झालेला माणूस

"पोरीला कुठं पाठवायचं ते मागून बघू," अपेक्षाच्या आजोबांनी कन्नडहून फोनवर सांगितलं होतं, "आधी आमाला एक खेळून झालेला माणूस दाखवा."

हा निरोप अपेक्षाच्या वडिलांनी, गोकुळनं, शनिवारी सकाळी बजाजनगरच्या मैदानावर येऊन खरात सरांना दिला, आणि देऊन झाल्यावर तो सरांच्या बुटांकडं बघत उभा राहिला.

"खेळून झालेला म्हणजे?" सरांनी विचारलं.

"म्हंजे सर, ज्यानं ह्या बास्केटबॉलवरच पोट भरलं आणि आता जो खेळून मोकळा झाला. त्याचं शेवटी काय झालं, ते आबांना बघायचंय."

"असा माणूस आता कुठून आणायचा?"

गोकुळनं बुटांवरची नजर हळूहळू सरांच्या डोक्यापर्यंत नेली. सरांनी मैदानावर चहूकडं नजर टाकली. पंधरा-वीस मुली, एक शेंगदाणेवाला आणि झाडाखाली झोपलेलं कुत्रं. मग सरांच्या ध्यानात आलं आणि त्यांचे कान तापले.

"मी?"

"उद्या सकाळच्या एसटीनं येतीलच," गोकुळ म्हणाला.

अपेक्षा सोळा वर्षांची होती, उंचीनं सहा फुटांना एक इंच कमी. पुण्याच्या एका निवासी अकादमीत तिची निवड झाली होती. राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथंच. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. गोकुळ वाळूजच्या एका कारखान्यात होता, मुलीचा खेळ त्याला कळत होता, पण आबांच्या शब्दाशिवाय त्याच्या घरात सायकलसुद्धा आली नव्हती. आबा नाही म्हणाले तर अपेक्षा इथंच राहणार, आणि इथं तिला शिकवायला कोण? खरात सर. म्हणजे संपलंच, असं खुद्द खरात सरांचं मत होतं. त्यांना जे येत होतं ते तिनं दोन वर्षांत शिकून घेतलं होतं. हल्ली तीच त्यांच्या चुका दाखवायची, तेही "सर, राग मानू नका हं," असं म्हणून.

अभय खरात बारा वर्षं पगारी खेळाडू होते ही गोष्ट मात्र खरी होती. एके काळी वाळूजच्या एका कंपनीच्या मोठ्या साहेबांना आपला संघ असावा अशी हौस आली. त्यांनी उंच मुलं शोधायला माणसं पाठवली. त्यातल्या एकाला मुकुंदवाडीत एक पोरगा जमिनीवर उभा राहून छपराचे पत्रे बसवताना दिसला. शिडी नव्हती. "आधी उंचीची भरती झाली," सर सांगत, "खेळाडू मागून यायचा होता. बारा वर्षं वाट पाहिली, आला नाही." पुढं साहेब बदलले, हौस फिटली, संघ मोडला आणि सरांना स्टोअरमध्ये टाकलं. तिथं मात्र त्यांचा उपयोग झाला. वरच्या फळीवरचा माल काढायला स्टूल लागत नसे.

घरी येऊन त्यांनी ही हकिगत बायकोला, विशाखाबाईंना सांगितली. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. कुठल्याही प्रसंगाला त्या तपासणीसाठी साहेब येणार असल्यासारख्या तयार होत.

"म्हणजे बघायचा कार्यक्रम आहे," त्या म्हणाल्या. "मुलगी बघतात तसा. पोहे करते. तुम्ही कप काढा."

"कोणते कप?"

"तुम्ही जिंकलेले."

कपाटातून एकच कप निघाला आणि तो कॅरमचा, मिश्र दुहेरीचा निघाला. शिवाय तो विशाखाबाईंच्या खेळावर मिळाला होता. संघाचा एक फोटो होता. त्यात सर सगळ्यात मागं उभे होते आणि बाकी सगळे नीट बसावेत म्हणून फोटोवाल्यानं सरांना भुवयांपाशी कापलं होतं. राहता राहिलं एक स्टीलचं ताट. ते पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून होतं.

"हे तरी घासते," विशाखाबाई म्हणाल्या. "आणि उद्या नीट उत्तरं द्या. खोटं बोलू नका, पण खरं बोलायचीही घाई करू नका."

सरांना रात्री झोप आली नाही. त्यांनी उशाशी नेहमीप्रमाणं पुस्तक उघडलं, पण एकाच पानावर राहिले. आयुष्यभर ते ज्याला भ्याले ते हेच होतं. कुणीतरी समोर बसून विचारील, की बाबा, तू नक्की केलंस काय?

रविवारी दहाच्या सुमाराला रिक्षातून पुंजाराम आबा आणि अपेक्षाची आजी सरूबाई उतरले. मागून गोकुळच्या मोटरसायकलवर गोकुळ आणि अपेक्षा. आबांच्या हातात पिशवीभर ओलं आलं होतं. शेतातलं. ते त्यांनी विशाखाबाईंच्या हातात दिलं, आणि दारातून वाकून बाहेर येणाऱ्या सरांकडं खालून वर बघत गेले. बघणं बराच वेळ चाललं.

"लई लांब गेलाय की माणूस," सरूबाई म्हणाल्या.

बसल्यावर आबांनी भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंना नमस्कार केला. विशाखाबाईंनी पाणी पुढं केलं आणि त्या किंचित थांबल्या, तशा त्या नव्या पाहुण्यांपाशी नेहमी थांबत. सरूबाईंनी ग्लास गटागट रिकामा करून दुसरा मागितला. विशाखाबाई हसून आत गेल्या आणि पोह्यांत खोबरं जरा जास्तच घातलं.

कार्यक्रम सुरू झाला.

"उंची किती म्हणायची?" आबांनी विचारलं.

"सहा फूट चार इंच होती. आता तीन आहे."

"एक इंच कुठं गेला?"

"मणक्यात."

आबांनी मान हलवली. उत्तर पटल्यासारखी नव्हे, नोंद केल्यासारखी.

"हे बोट असं?"

सरांच्या उजव्या हाताची करंगळी बाकीच्या बोटांशी भांडण झाल्यासारखी बाहेर पाहत असे. "बॉल पकडताना."

"पकडला का?"

"नाही."

विशाखाबाई आतून खाकरल्या.

"नाद काय?"

"वाचनाचा."

"आरं देवा," आबा गोकुळकडं वळून म्हणाले. "तंबाखू बरी. ती सुटती तरी."

अपेक्षा हसली. मग कशासाठी आलोय ते आठवून गंभीर झाली. सतरंजीवर गुडघे जवळ घेऊन बसली होती ती, म्हणजे कमी उंच दिसावं म्हणून. सरांना ते बसणं ओळखीचं होतं.

पोहे आले. आबांना पाहुण्यांतला मान म्हणून ते स्टीलचं ताट. आबा खात गेले तशी पोह्यांखालून अक्षरं वर यायला लागली. आबांनी चमच्यानं शेवटचे दाणे बाजूला सारले आणि वाचलं, "उप... विजेता. म्हंजी हरलेला?"

"हो," सर म्हणाले, "पण शेवटच्या दिवशी."

"आणि त्याचं ताट देत्यात?"

"देतात."

"आमच्याकडं हरलेल्याला कुणी पाणी इचारत नाय," आबा म्हणाले आणि ताट उलटं करून स्टील किती जाड आहे ते बोटानं वाजवून पाहिलं.

तेवढ्यात सरूबाई म्हणाल्या, "मास्तर, जरा चालून दाखिवता का?"

"आई!" गोकुळ ओरडला. "काय बोलती तू?"

"का? मला नव्हतं चालिवलं? तुझ्या आजीनं मला ओसरीपासून गोठ्यापोत्तर चालिवलं, दोन डाव. पाय सरळ हाय का, काय लपिवलंय का बघाया. तवा नाय कुणी आई म्हणून वरडलं." त्या सरांकडं वळल्या. "राग नका मानू. पण खेळून गुडघ्याचं काय हुतं ते कळाया नको? उद्या पोरीचे पाय हायेत ते."

सर उठले. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि परत आले. त्यांचा उजवा पाय आधी जाई आणि डावा थोडा विचार करून मागून येई. पाचही जणांनी श्वास रोखून ते चालणं बघितलं. बारा वर्षांत इतक्या एकाग्रतेनं आपल्याकडं कुणी पाहिलं नाही, हे सरांना परत येताना जाणवलं.

"रात्री ठणकत आसंल," सरूबाई म्हणाल्या.

"थंडीत."

"एरंडाचं पान तापवून बांधा."

गोकुळला वाटलं आपणच आता गाडी रुळावर आणावी. तो म्हणाला, "आबा, सरांचं नाव पेपरात यायचं बरं का."

"आस्सं?" आबा पुढं सरकले. "काय यायचं?"

"राखीव," सर म्हणाले. "खाली शेवटच्या ओळीत. राखीव, दोन टिंबं, खरात."

"राखीव म्हंजी?"

"दुसरा कुणी पडला तर खेळणारा."

यावर कँटीनमध्ये एकदा एक जण मोठ्यानं म्हणाला होता, काय खरात, संघातपण राखीव जागा निघाल्या का? सगळे हसले होते. सरही हसले होते, कारण सगळे हसत असताना न हसता बसून राहायला जो कणखरपणा लागतो तो त्यांच्यात कधीच नव्हता. घरी येऊन त्यांनी तो विनोद विशाखाबाईंना सांगितला. त्या हसल्या नाहीत आणि त्या रात्री जेवल्याही नाहीत. आताही दारातून त्यांनी सरांकडं पाहिलं, आणि सरांनी ही गोष्ट गिळली.

"बरं, गोल किती केले?" आबांनी विचारलं.

"आबा, गोल नाही, बास्केट," अपेक्षा म्हणाली.

"तेच ते. किती?"

आता काहीतरी छानसा आकडा सांगायला हवा होता. विशाखाबाईंचे डोळे तेच म्हणत होते. अपेक्षाचेही. सरांनी तोंड उघडलं आणि नेहमीप्रमाणं तिथून खरं तेच बाहेर पडलं.

"मला बास्केट करायला पाठवायचेच नाहीत. फाऊल करायला पाठवायचे."

"म्हंजी?"

"या खेळात समोरच्याला नियमाबाहेर अडवलं तर फाऊल. एका खेळाडूला चार फाऊल माफ, पाचव्याला बाहेर. चांगला खेळाडू फाऊल जपून वापरतो. त्याला बाहेर जाऊन कसं चालेल? मग समोरचा कुणी फार जोरात आला की कोच मला म्हणायचे, खरात, ऊठ. मी जायचो, त्या माणसाला नडायचो, पाच फाऊल संपवायचो आणि परत येऊन बसायचो."

"म्हंजी मारायचा?" सरूबाईंनी विचारलं.

"मारायचो नाही, मावशी. आडवा यायचो."

"आणि लोक?"

"लोक शिव्या द्यायचे. कोल्हापुरात एकदा केळी फेकली."

"पिकलेली?"

"पिकलेली."

आबांनी चहा बशीत ओतला, फुंकर घालून प्यायला, बशी खाली ठेवली आणि टोपी सारखी केली. "बरंय," ते म्हणाले. "भेट झाली. आमी कळिवतो."

कळवतो. मुलगी बघायला आलेली माणसं पोहे संपवून, बडीशेप तोंडात टाकून जो शब्द म्हणतात तोच हा. पसंत असेल तर तिथंच गूळ मागतात. नसेल तर कळवतो म्हणतात आणि कधीच कळवत नाहीत. अपेक्षाला शब्दाचा अर्थ नीट माहीत होता, तिच्या दोन्ही आत्यांना तो ऐकावा लागला होता. तिनं मान खाली घातली. आबा उठले, सरूबाई उठल्या, गोकुळ चपला शोधायला लागला.

सरांनी आयुष्यात एकाही पंचाशी हुज्जत घातली नव्हती. चुकीचा फाऊल दिला तरी ते हात वर करून मान्य करत. त्यामुळं दारात जाऊन आडवे उभे राहिलेले आपणच आहोत हे त्यांना स्वतःलाही जरा उशिरा कळलं.

"आबा, बसा. दोन मिनिटं बसा."

आबा बसले. दार तसंही पूर्ण भरलं होतं.

"तुम्ही मला नापसंत करा," सर म्हणाले. "बरोबर आहे ते. पण मला बघून हिचा अंदाज बांधू नका. मी नमुना नाही, आबा. मी हलका खेळाडू होतो. ही तशी नाही."

"हलका म्हंजी किती हलका?" आबांनी विचारलं.

सर गोंधळले. "म्हणजे... फार."

"संघात माणसं किती?"

"बारा."

"त्यात कितवा नंबर?"

"बारावा."

"अहो!" विशाखाबाई म्हणाल्या.

"बारावा," सर ठामपणे म्हणाले. इतक्या ठामपणे ते कधी बोलले नव्हते. "आबा, मला उजव्या हातानं बॉल आपटता यायचा, डाव्या हातानं आपटला की तो दुसऱ्यांचा व्हायचा. पळायला लागलो की कोच डोळे मिटायचे. एकदा मी आपल्याच बास्केटमध्ये बॉल टाकला आणि आनंदानं हात वर केले."

"सर!" अपेक्षा म्हणाली. हे तिलाही नवीन होतं.

"म्हंजी तळाचा माल," आबा म्हणाले.

"अगदी तळाचा."

"बरं. आणि तरी बारा वर्षं पगार दिला?"

"दिला."

"खेळ थांबल्यावर?"

"नोकरी दिली. स्टोअरमध्ये. पूर्ण झाली."

"हे घर त्या पगारातलं?"

सरांनी मान हलवली. "नाही. घर हिच्या पगारातलं आहे." विशाखाबाईंनी कपाळाला हात लावला.

"आणि ह्या बाई कशा मिळाल्या तुमाला?" आबांनी विशाखाबाईंकडंच बघत विचारलं.

"आमचे वडील मुलगा बघायला मुकुंदवाडीत गेले," विशाखाबाई म्हणाल्या. "यांच्या काकांनी सांगितलं, पोरगा बॉल खेळतो. वडील म्हणाले, ते ठीक आहे, पण दिवसभर काय करतो? काका म्हणाले, तेच करतो, आणि कंपनी पगार देते. वडिलांनी कंपनीत जाऊन विचारून खात्री केली. तेव्हा कंपनीच्या माणसाला कुठं नाही म्हणायचं?"

"म्हंजी खेळामुळं कंपनी, कंपनीमुळं बाई, बाईमुळं घर," आबा म्हणाले. "मूळ खेळच की."

सरांनी आपल्या आयुष्याकडं या बाजूनं कधी पाहिलं नव्हतं.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. हे गोकुळनं पाहिलं आणि हातातल्या चपला पुन्हा खाली ठेवल्या. "हे बघा मास्तर," आबा म्हणाले, "मी आलं इकतो. जन्म गेला त्यात. आडत्या वरवरचा माल बघत नाय. तो गोणीत कोपरापोत्तर हात घालतो आणि तळाचा गड्डा काढतो. मातीचा, बारका, दबलेला. त्याला काय भाव निघतो ते बघायचं. तळाच्या मालाला भाव लागला की वरच्याची काळजी नसती. आता तुमाला बघितलं. पाय गेलेला, बोट वाकडं, बारात बारावा, केळी खाल्लेला..."

"खाल्ली नाहीत, अंगावर आली," सर म्हणाले.

"तेच ते. एवढ्या हलक्या मालाला ह्या खेळानं नोकरी दिली, अशी बाई दिली, ताटसुद्धा दिलं. मग आमच्या पोरीसारखा चोख माल आसल तर काय भाव निघंल?" ते गोकुळकडं वळले. "उद्या तू रजा टाक आणि सोडून ये तिला."

सरूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच नाक पुसल्यासारखं केलं. अपेक्षा मात्र उभी राहिली, पूर्ण उंचीची, आणि तिचा चेहरा लाल झाला होता.

"आबा, सर हलके नाहीत! तुम्ही काहीपण बोलता. आमच्या सरांना सगळं..."

"अपेक्षा," सर घाईनं म्हणाले, "गप बस. सौदा मोडशील."

ती बसली. आबांनी विशाखाबाईंकडं गुळाचा खडा मागितला.

पाहुणे गेल्यावर घर एकदम मोठं वाटायला लागलं. विशाखाबाई ताट घासत होत्या, गरजेपेक्षा जरा जोरात. सर मोरीच्या दारात वाकून उभे राहिले. पोरगी पुण्याला जाणार होती. आनंदानं त्यांच्या छातीत काहीतरी भरून आलं होतं, आणि त्याच्या शेजारीच तळाचा माल हा शब्दही बसून होता. दोघांना एकाच बाकावर बसवायचं कसं हे त्यांना कळत नव्हतं.

"बारावे कधी होतात हो तुम्ही?" विशाखाबाई मागं न बघता म्हणाल्या. "नागपूरच्या स्पर्धेच्या वेळी आठवे होतात. मीच ते कात्रण जपून ठेवलं होतं."

"आठवा म्हणालो असतो तर सौदा फिसकटला असता."

"म्हणून स्वतःला इतकं खाली ओढायचं? चार माणसांत?"

"ओढावं लागलं नाही फारसं."

त्या ताट पुसून आत गेल्या. संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. सर पुस्तक घेऊन खिडकीशी बसले, पण वाचन होईना. त्यांनी मनातल्या मनात सगळा संघ एका रांगेत उभा केला आणि आपली जागा प्रामाणिकपणे शोधायला लागले. पहिले सहा तर निर्विवाद होते. सातव्यापासून ते थांबत थांबत गेले. प्रत्येकाशी स्वतःची तुलना केली, आणि प्रत्येकाला पुढं जाऊ दिलं. शेवटी ते शेख नावाच्या एका गड्यापाशी येऊन अडले. शेख त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगला होता, पण त्याचा घोटा कायम सुजलेला असायचा.

बराच विचार करून त्यांनी ठरवलं, अकरावा. मग ही बढती आपण स्वतःच स्वतःला दिली हे ध्यानात येऊन ते ओशाळले. तरीही उठून विशाखाबाईंना सांगायला आत गेले.